जावेच्या ओवीतला भाऊ

निजामाच्या अमलातल्या उमापुरात केशरबाईला कशाची म्हणून कमी नव्हती. मळा होता, दुभतं होतं आणि दरसाल नागपंचमीच्या आधी गाडी जुंपून न्यायला येणारा भाऊ होता, सिरसाळ्याचा सुंदरराव. धाकट्या जावेला, दगडाबाईला, ना आई ना भाऊ. पण गळा होता, आणि तोच केशरबाईच्या डोळ्यांत खुपायचा. कुणाच्या लग्नाची हळद दळायची म्हटली की बायका आधी दगडाबाईला हाका मारायच्या.

जात्यावर जिनं तिनं आपल्या भावाचं नाव ओवीत घालायचं. दगडाबाई बेधडक थोरल्या जावेच्या भावाचं घालायची:

"बैलं थकली वाटंत, भाऊ चालतो पायी,
सुंदररावाला माझ्या भेटीची लई घाई."

"माझा भाऊ कावून गाती गं? दुसरं नाव मिळंना तुला?" केशरबाई फणकारली.

"मला कुठं हाय, बाई? तुमचा हाय, म्हून गाते."

त्या वर्षी न्यायला आलेला सुंदरराव ती ओवी ऐकून दारातच थबकला. संपेस्तोवर त्यानं उंबरा ओलांडला नाही. पुढं वाटभर तीच गुणगुणत राहिला. केशरबाई गाडीत तोंड फिरवून बसली.

माहेरी पोचल्यावर पहिल्याच पहाटे ती जात्यावर बसली आणि ठरवून तीच ओवी म्हणाली, चांगल्या खड्या आवाजात. भाऊ सख्खा, जातं आईचं. आता कोण आडवं येणार होतं?

अंगणातून सुंदरराव हसत म्हणाला, "अक्का, दगडाअक्कासारखी न्हाई जमली गं."

केशरबाईनं उरलेली ज्वारी मुक्यानं दळली.