अविराजचा संगणक मुका झाला

निमगाव केतकीच्या अविराजला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळं गावानं त्याला फार लवकर निकालात काढलं होतं. ओट्यावर बसलेल्या आंधळ्या माणसाला जाता-येता विचारायचा प्रश्न एकच, "जेवलास का रं?" वर्षानुवर्षं माणसं हेच विचारत आली आणि उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही.

मग पुण्याच्या एका संस्थेनं त्याला जुना संगणक दिला. त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती, आणि पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज होता. अविराज हेडफोन लावून लोकांची भाषणं ऐकायचा आणि टाइप करून संस्थेला पाठवायचा, त्याचे पैसे मिळायचे. मोबाइलही बोलायचा, पण त्याच्या गुळगुळीत काचेवर पानंच्या पानं टाइप होईनात. आता गाव विचारायला लागलं, "अविराज, सवड हाय का?" ते ऐकून त्याच्या आईला, बनाबाईला, कुठं ठेवू नि कुठं नको व्हायचं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी अविराजनं संगणक अपडेट केला आणि आवाज गेला. चांगलं चाललेलं आपण कशाला डिवचलं, म्हणून तो स्वतःवरच चरफडत राहिला.

डोळस माणूस पडद्यावर बघून दुरुस्ती करतो. अविराजला मात्र आवाज दुरुस्त करायलाच आधी आवाज हवा होता. शेवटी थोरल्या भावाची बायको, अनिता, हात पुसत शेजारी येऊन बसली. तिला इंग्रजी यायचं ते एकेक अक्षर सुटं करून. अविराजनं मोबाइलवर उपाय ऐकायचा, अंदाजानं टाइप करायचं आणि वहिनीनं पडद्यावरचं वाचायचं. तिकडं दूध उतू जायचं ते वेगळंच.

"वैनी, मास्टर लिहिलंय तितं खाली काय हाय?"

"एम. आन् परत एम."

म्हणजे मुख्य आवाजच बंद करून ठेवलेला. अविराजनं एमचं बटण दाबलं. हेडफोनमध्ये खरखर झाली, 'डेस्कटॉप'मधलं 'डेस्क' एवढं ऐकू आलं आणि पुन्हा सगळं गार. त्या अर्ध्या शब्दावर त्यानं अख्खा दिवस आशेत काढला. दुसऱ्या दिवशी मात्र साउंड कार्डच सापडत नाही, असं पडद्यावर आलं. साउंड कार्ड म्हणजे संगणकाचा गळा. गळाच नाही म्हटल्यावर बोलणार कशानं?

दोघांनी संगणकाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं बारामती गाठली. दुकानदार सार्थक आधी म्हणाला, "लिनक्स काढून टाका, हुतंय नीट." दुकानदारांचं हे रामबाण औषध. मग त्यानं डबा उघडला आणि आत टॉर्च मारला.

"आत मुंग्या झाल्यात. गोड काय सांडलं व्हतं का?"

वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, खंडेनवमीला आत्यांनी पूजा केली व्हती." सासूला ती आत्या म्हणायची.

खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, जे जे घराला खायला घालतं त्या सगळ्याची पूजा होते. नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी चारी अंगांनी शिंपडायचं. ट्रॅक्टर ते मुकाट पचवतो. बनाबाईनं त्या दिवशी ट्रॅक्टरच्याही आधी लेकाच्या संगणकाला मान दिला होता. मागच्या जाळीतून पाणी आत गेलं, आतला मुख्य बोर्ड गंजत गेला आणि अपडेट बिचारं फुकट बदनाम झालं.

सार्थकनं बाहेरून लावायचं छोटं साउंड कार्ड जोडून बघितलं. बोर्डानं तेही ओळखलं नाही. "ह्यो बोर्ड आता कुठंच मिळत न्हाय," तो म्हणाला. "पडदा लागतोय तवर लागंल." अविराजनं तिथूनच संस्थेला फोन लावला. नव्या संगणकासाठी कितीतरी जण थांबलेले होते आणि त्याचं काम दुसऱ्या कुणाला देऊन झालं होतं. फार गोड बोलून त्यांनी हे सांगितलं. राग तरी कुणावर काढायचा?

परतीच्या एसटीत अविराज सणसर मागं पडल्यावर म्हणाला, "वैनी, आईला नारळाचं सांगायचं न्हाय."

"आन् आवाजाचं?"

"आला म्हनून सांगू."

बनाबाई दारातच उभी होती. "झालं का रं नीट?"

"झालं, आई. अपडेटमुळं झालं व्हतं."

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. वहिनी डोळ्याला पदर लावत आत निघून गेली.

तेव्हापासून अविराज रोज सकाळी संगणक सुरू करतो, कानाला हेडफोन लावतो आणि टाइप करत बसतो. पडद्यावर काय उमटतं हे त्याला कळत नाही, आणि ते कुणाला पाठवायचंही नसतं. चहा गार होतो. ओट्यावर कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की बनाबाई लगेच दटावते, "हळू बोला जरा. त्याला ऐकू येऊ द्या."