आमच्या भूल देणाऱ्या मॅडम

ऑपरेशन थिएटरात बाकीच्यांचे आवाज जसजसे चढत, तसतसा आमच्या मॅडमचा आवाज खाली यायचा. नाशिकच्या हॉस्पिटलात मी भूलशास्त्राची रेसिडेन्सी करत होते आणि त्या आमच्या युनिटच्या प्रमुख. पेशंटचा रक्तदाब कोसळला की सर्जन ओरडायचे, सिस्टर धावायच्या. मॅडम मात्र पुटपुटल्यासारख्या बोलायच्या. त्यांचं ऐकायचं म्हणून सगळे आपोआप गप्प व्हायचे.

शिकवताना त्या कठोर होत्या. श्वासाची नळी घालताना माझा हात थरथरला तरी मला बाजूला सारत नसत. "घाबर, पण हाताला कळू देऊ नकोस," एवढंच म्हणायच्या.

एकदा सुरगाण्याकडची एक बाळंतीण आली. मूल घरीच झालेलं, रक्त थांबत नव्हतं. घाटातून जीपनं आणेपर्यंत ती पांढरीफटक पडली होती. आम्ही तिला भूल दिली, पिशव्यांवर पिशव्या रक्त चढवलं, पण ती टेबलावरच गेली. सर्जन भिंतीला टेकून खाली बसले. मॅडम मला म्हणाल्या, "चल. तिच्या नवऱ्याला सांगायचंय."

तो दाराशीच उभा होता, बायकोच्या चपला हातात धरून. मॅडमनी आढेवेढे घेतले नाहीत.

"दादा, तुमची बायको वारली. रक्त फार गेलं होतं. आम्हाला वाचवता आली नाही."

तो चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिला लय दुखलं का, बाई?"

"नाही. ती गाढ झोपेत होती."

त्यानं मान हलवली. परत येताना मला रडू फुटलं. मॅडमचेही डोळे भरले होते.

"एवढं एकच आपण खात्रीनं सांगू शकतो," त्या म्हणाल्या. "ते खरं राहील असं काम कर."

पुढे मी पास होऊन दुसऱ्या हॉस्पिटलात लागले. गेल्या वर्षी एका सकाळी दिंडोरीच्या एका बागायतदाराचं पोटाचं ऑपरेशन चालू असताना सिस्टर माझ्या कानाशी आली. "डॉक्टर, तुमच्या जुन्या मॅडम गेल्या. घरीच. हार्ट अटॅक."

भूल दिलेल्या माणसाला सोडून हलता येत नाही. मी मॉनिटरकडे बघत राहिले, औषध कमी-जास्त करत राहिले. टाके पडले, नळी काढली. त्यानं डोळे उघडले.

"झालं का ओ?"

"झालं, काका."

त्याला बाहेर नेल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.