साबण शिकायला घुग्घुसहून सावलीला

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाचा हा प्रवास. आम्ही घुग्घुसला राहायचो. हे सिमेंट कारखान्यात पोती भरायचे. तळहातांना भेगा पडलेल्या, त्यात सिमेंट जायचं आणि बाजारातल्या साबणाने आणखी झोंबायचं. आठ महिन्यांच्या प्रज्ञाला यांनी उचललं की तिला ओरखडे उठायचे आणि ती रडायची. शेवटी यांनी तिला घेणंच सोडलं. ड्युटीवरून आले की खाटेवर बसून लांबून बघत राहायचे. मला ते बघवत नव्हतं.

सावलीला माझी नणंद शांताबाई घरी साबण करायची. त्याने तिचे हात सुधारले होते. फेब्रुवारीत यांना तीन दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही निघालो.

घुग्घुसहून चंद्रपूरपर्यंत धूळच धूळ. चंद्रपूरला गडचिरोलीची एसटी धरली. चिचपल्लीच्या पुढे जंगल लागलं तेव्हा कुठे नाकात स्वच्छ हवा शिरली. मूल गावच्या स्टँडवर आलूबोंडे खाल्ले, तिखट होते पण गरम होते. भाडं किती पडलं ते आता आठवत नाही. सगळी वाट प्रज्ञा माझ्याच मांडीवर होती, ती अवघडली तरी हे हात पुढे करेनात.

शांताबाईने जयभीम केला आणि आधी भावाचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"काऊन रे बाबू, इतके दिवस कुठी होता?"

"साबणानं का होते बाई?" हे म्हणाले.

"आंगाचं सिमेंट तं जाईन. बाकीचं पाहू."

ती चंद्रपूरला एका शिबिरात साबण शिकली होती. तिथल्या कागदावर ओटमील घाला असं लिहिलेलं. सावलीच्या दुकानदाराने ते नावही ऐकलं नव्हतं. मग तिने राईस मिलमधला बारीक कोंडा आणून चाळला, भाजला आणि तोच वापरला. तेल मोहाच्या बियांचं, फेसासाठी थोडं खोबरेल. रात्री भात, वरण, सुक्या झिंग्याची चटणी. मी पोटाला तडस लागेपर्यंत जेवले.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. नणंदेला भेट म्हणून मी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, नवा कोरा गंज नेला होता, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. ती तेल गाळत होती तोवर त्यातच पाणी घेऊन साबणाला लागणारं कास्टिक, म्हणजे कास्टिक सोडा, टाकलं. पाणी उकळल्यासारखं फसफसलं, उग्र वाफ आली, गंज काळा पडला. प्रज्ञाला घेऊन मी अंगणात पळाले.

"जर्मनात कास्टिक टाकते का कोनी?" शांताबाई म्हणाली. "कास्टिक गंजालेच खाऊन राह्यलं."

घरातलं कास्टिक संपलं होतं. हे मूलला जाऊन दुसरं घेऊन आले. दिवस गेला. मला फार लाज वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या बादलीत काम झालं. तुम्ही करणार असाल तर लक्षात ठेवा: जर्मन नको, कास्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कास्टिकवर नाही, आणि लेकरू लांब. मग त्यात तेल ओतून घोटून घोटून माझे खांदे भरून आले. घट्ट झाल्यावर कोंडा मिसळला आणि फळ्यांच्या साच्यात ओतलं.

निघायच्या वेळी साचा फडक्यात बांधून देताना ती यांना म्हणाली, "महिनाभर हात नाई लावाचा. मंग जीभ लावून पाह्यजो. चावला तं कच्चा हाय."

घुग्घुसला आल्यावर महिन्याचा धीर कुणाला? हे रोज ड्युटीवरून आले की साबणाला जीभ लावायचे, तोंड वाकडं करायचे आणि तो परत फळीवर ठेवायचे. मी हसायचे. एका संध्याकाळी तोंड वाकडं झालं नाही. यांनी मोरीत बसून कोपरापर्यंत हात घासले आणि प्रज्ञाला उचललं. ती रडली. दुसऱ्या दिवशी परत उचललं, परत रडली. पण यांनी आता सोडलं नाही.

साबणाने आग थांबली, भेगांमधलं रक्त थांबलं. हात मात्र मऊ झाले नाहीत, पोती भरणाऱ्याचे कसे होणार? मी त्यासाठीच गेले होते, म्हणून आधी हिरमुसले. पण उन्हाळा सरेपर्यंत घरात उलटंच झालं. झोपवताना मी थोपटायला लागले की प्रज्ञा डोळे उघडायची आणि माझा हात बाजूला सारायची. तिला यांचा तो खरखरीतच हात लागायचा.