लहानू ड्रेसरची हाक

माझ्या बाबांनी दोन नोकऱ्या जिवावर उदार होऊन केल्या आणि तिसरी शिट्टी वाजवून. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या गेटवरची ती तिसरी नोकरीच मी पाहिली, आणि खरं सांगते, मला तिची लाज वाटायची. कारण खाणीतले त्यांचे जुने सोबती घरी आले की म्हणायचे, "लहानूसारखा ड्रेसर अख्ख्या सावनेरकडं झाला नाही गा!" आणि तोच माणूस गेटवर सायकली अडवत बसायचा. फौजेतून सुटून आल्यावर खाणीनं बोलावलं होतं. गेले नाहीत.

ड्रेसर म्हणजे सगळ्यांच्या आधी आत जाऊन खाणीचं छत तपासणारा. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, वर ठोकायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर दगड पक्का आहे. बद्द वाजलं तर तो सुटलाय, कधीही बसेल. मग ड्रेसर ओरडतो, "बाहेर!" त्यावर कुणी का म्हणून विचारत नाही, हातातलं टाकून धावतात. ड्रेसर स्वतः सगळ्यांच्या मागून निघतो.

बाबा आणि चंद्रभान एकाच पाळीतले. एकोणसत्तर साली दोघं फौजेच्या भरतीला उभे राहिले. चंद्रभानचं म्हणणं, मरायचंच तर उजेडात मरू. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली आणि तो खरंच उजेडात मेला. त्याची ट्रंक घेऊन बाबा त्याच्या बायकोकडे, मनकर्णाकडे गेले. अठरा वर्षांची होती. "लढता लढता गेला," बाबांनी सांगितलं. गावानं शाळेच्या फाटकावर चंद्रभानचं नाव कोरलं.

मनकर्णाला भाऊ नव्हता. तेव्हापासून दर भाऊबीजेला बाबा तिच्या दारात हजर. माझा जन्मही नेमका भाऊबीजेचा, तर त्या दिवशीसुद्धा हे महाशय तिकडेच. आईनं हे त्यांना मरेपर्यंत ऐकवलं.

दोन हजार एकवीसच्या दिवाळीत बाबा माझ्याकडे सक्करदऱ्याला होते. छाती कामातून गेलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. म्हणाले, "वच्छले, मनकर्णेले बोलाव. यंदा मले जाणं होत नाही. तिले एक सांगाचं हाये."

भाऊबीजेला मनकर्णाआत्या आली. ताट सजवून निरांजन लावायला वाकली, तेवढ्यात बाबांनी हात धरला. "आधी आयक, बाई. मंग ओवाळ."

धापा टाकत सांगत होते. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. बंकरमध्ये सात जण होते. बाहेर तोफगोळे पडत होते. बंकरचं छत लाकडाच्या ओंडक्यांचं, वर मातीचा थर. बाबांनी सवयीनं बंदुकीचा दस्ता वर ठोकला. बद्द वाजलं. आणि तोंडातून निघून गेलं, "बाहेर!"

"लाकूड अन् माती, बाई. ते बद्दच वाजते. दगड थोडीच होता तो. बाकीचे पाच माह्या तोंडाकडं पाहत रायले. त्यायले काय समजणार? चंद्रभान खाणीतला. तो एकटा धावला. मी ड्रेसर, मी मागंच. अन् बाहेर गोळा पडला."

"अन् छत?" आत्यानं विचारलं.

"ते नाही पडलं."

आत्यानं हातातली काडेपेटी ताटात ठेवली. मग म्हणाली, "पन्नास वर्सं होऊन रायली, भाऊ. आधी काहून नाही सांगितलं?"

"तू ओवाळलं नसतं."

तिनं ताट पिशवीत घातलं आणि उठली. मी गेटपर्यंत मागे धावले, चहा तरी घे म्हटलं. तिनं वळून पाहिलं नाही.

मी घरात येऊन बाबांवर तोंड टाकलं. आजारी माणसावर टाकू नये, पण टाकलं. "इतकी वर्षं गिळलंत ना? मग आणखी थोडे दिवस गिळता आलं नसतं? म्हातारपणी तिचा नवरा दुसऱ्यांदा मारलात!"

"ती ज्याले ओवाळत होती तो मी नव्हतोच, वच्छले," ते म्हणाले. "एकडाव तरी मले ओवाळावं तिनं."

त्यानंतर चार दिवस त्यांचे डोळे दारावर होते. गेट वाजलं की विचारायचे, "आली का वं?" मी आत्याला फोन लावत होते, ती उचलत नव्हती. बाबांना मात्र मी सांगायचे, तिचा फोन आला होता, निघतेच म्हणाली. चौथ्या दिवशी त्यांनी विचारणं सोडलं. पाचव्या दिवशी सकाळी, मी चहा गाळत असताना, ते गेले.

निरोप मी आत्याच्या शेजाऱ्यांकडे दिला. दुपारच्या आत ती आली. रडली नाही. बाबांच्या उशाशी बसली, झोपलेल्याला उठवावं तसा त्यांचा खांदा हलवला, दोनदा. मग माझ्याकडे पाहिलं.

"रोज सकाळी निघाची, वच्छले, अन् रोज फाटकावरचं त्याचं नाव पाहून राग याचा," ती म्हणाली. "काल संध्याकाळी नाही आला राग. आज येणार होती मी."