दातांत धरलेली सुपारी

नाकानं श्वास घेत धावणारी बाई ऐकू येत नाही. तोंडानं घेणारी दहा पावलांवरून कळते. आगरदांड्याला सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच वर्षी मी हे शिकले. मोटारी त्या वाटेला लागायच्या आधीची, एकोणीसशे पंचवीस-तीसच्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही कोळणी तरीनं खाडी ओलांडून दिघीला उतरायचो आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन म्हसळ्याच्या वाटेवरच्या गावांकडे धावत सुटायचो. ऊन चढलं की मासळी नासते, ती कोणासाठी थांबत नाही.

खिंडीच्या चढावर मात्र तोंड मिटून, नाकानंच श्वास घेत धावायचं, असा आमच्यात दंडक होता. तोंडानं श्वास घेतला की घसा सुकतो, कुशीत कळ येते, हे खरंच. पण म्हाताऱ्या सांगायच्या की उघड्या तोंडातून खिंडीतलं भूतही आत शिरतं. म्हणून चढ लागताच प्रत्येकीनं दातांत अख्खी सुपारी धरायची. सगळ्यांच्या मागं धावून लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला त्याचा भारी तोरा.

धाकटी जाऊ थळची. लग्नाला तीन महिने झाले होते. तिचं नाक बारमाही चोंदलेलं. रात्री घोरायची, आम्ही हसायचो. त्या सकाळी चढाच्या पायथ्याशी ती हळूच म्हणाली, "जाऊबाय, नाकानं वारा येत न्हाय. आज सुपारी नको."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं आणि माझ्या हातानं सुपारी तिच्या तोंडात घातली.

अर्ध्या चढापर्यंत पुढून काहीच ऐकू आलं नाही. मग तिनं तोंड उघडून मोठ्यानं हवा ओढली आणि तो आवाज मधेच बंद झाला. पाटी पडली. बाकीच्या वळणापलीकडे गेल्या होत्या. मी तिच्या पाठीत बुक्के मारले, घशात बोटं घातली. सुपारी निघाली तेव्हा फार उशीर झाला होता. बायका मागे फिरून येईपर्यंत मी ती झाडीत भिरकावून दिली.

त्यांनी तिचं उघडं तोंड पाहिलं आणि मला काही विचारलंच नाही.

अजूनही कुठला चढ एकटीनं चढताना मागून कोणीतरी तोंडानं श्वास घेतं. मी वळून बघत नाही. भुताला मी भीत नाही, तिला भिते.

तिसऱ्या दिवशी थळहून तिची आई आली. माझ्यासमोर बसून तिनं एवढंच विचारलं, "तिनं तोंड उघडलं व्हतं का गो?"

"व्हय," मी म्हटलं.

मग ती रडली. पोरीला लहानपणापासूनच तोंडानं श्वास घ्यायची खोड, त्यापायी आपण तिला किती मारलं, तरी वळण लागलं नाही, असं सांगत राहिली. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले आणि लेकीपायी आमच्या घराला बोल लागला म्हणून माझी माफी मागितली. मी ती मागू दिली.