दामू मास्तरचा दुसरा काठीवाला

दामू मास्तर गेल्याचा निरोप कसाऱ्याला मालगाडीच्या गार्डानं आणला. मी पार्सल हापिसात डबा खात होतो. डबा पुरा करूनच उठलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. त्याला आता सहा आठवडे झाले. मध्यंतरी शहापूरच्या शाळेत शोकसभाही झाली. जिवंतपणी ज्यांनी त्याला ‘उलटा मास्तर’ म्हणून हिणवलं, त्यांनीच फोटोला हार घालून ‘सुरांचा उपासक’ म्हटलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! मीही तिथे पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो.

आम्ही दोघे मुरबाडचे, शाळेत एका बाकावरचे. तो शहापुरात मास्तर झाला, मी रेल्वेत चिकटलो. तानसा धरणाच्या बंगल्यावर तेव्हा एक गोरा इंजिनियर राहायचा. दामू रविवारी त्याला मराठी शिकवायला जायचा आणि बदल्यात ग्रामोफोन ऐकून यायचा. विलायती वाद्यमेळ... पन्नास-साठ माणसं एकदम वाजवतात आणि त्यांच्यापुढे एक जण काठी घेऊन उभा. साहेब त्याला कंडक्टर म्हणायचा. आमच्याकडे कंडक्टर म्हणजे मोटारीत तिकिटं फाडणारा, म्हणून दामूनं त्याचं नाव ‘काठीवाला’ ठेवलं. लढाई तोंडावर आली तशी साहेबाची अचानक बदली झाली. मोठं यंत्र त्यानं सोबत नेलं आणि जुनं चावीचं यंत्र दामूला दिलं. त्यासोबत दोन जाड बाडंही दिली. दोन्ही बाडांत एकच सिंफनी होती, फक्त काठीवाले वेगळे. प्रत्येक बाडात चार तबकड्या, म्हणजे आठ बाजू. दुसरं बाड नुकतंच विलायतेहून आलेलं, दामूनं तोवर ऐकलेलंही नव्हतं. साहेब एवढंच म्हणाला, “मास्तर, दोन्ही ऐका आणि कोण खरा ते ठरवा.”

झालं, दामूला तेवढंच पुरलं. शाळा सुटली की दार लावून बसायचा. एक बाजू या बाडातली, एक त्या बाडातली, मध्ये वहीत टिपणं. शेजारचे विचारायचे, “मास्तर, गोऱ्याचा ब्यांड अजून संपला नाय का रे?” म्हसा गावच्या जत्रेला लोक यंत्र मागायला आले, तर त्यानं सरळ हाकलून दिलं. लढाईत यंत्राच्या सुया मिळेनात, तेव्हा मी रुळाकडेच्या बाभळीचे काटे तासून त्याला नेऊन द्यायचो. एका बाजूला एक काटा. बोटं सोलून निघायची, पण नेत होतो.

दामूचं म्हणणं असं की पहिला काठीवाला पोथी वाचल्यासारखा पान एक, पान दोन करत जातो. दुसरा खरा धाडसी. तो सुरुवात झाली न झाली तोच शेवट ऐकवतो, मग मागे येतो, पुन्हा शेवटाकडे उडी मारतो, आणि संपवतो मात्र भर मध्यावर. मला म्हणायचा, “बाप्या, हा माणूस शेवट आधी दाखवतो आणि मग विचारतो, आता सांग, सुरुवात तीच वाटते का?” हे सांगताना त्याचे डोळे पाणावायचे. मी एकदा त्याच्या घरी, माझ्या नव्या जावयादेखत, म्हटलं की मला दुसऱ्याचं सगळं तुटक वाटतं. दामू म्हणाला, “तुला कान नाय रे. तू आपली पार्सलं सांभाळ.” जावई हसला. मी चहा पिऊन उठलो आणि ते वाक्य घरी घेऊन आलो.

पुढे एकदा कसाऱ्याला एक पार्सल फुटून आलं. घाटावर हवापालटाला राहिलेल्या एका पारशी बाईंचं. पंचनाम्यासाठी आतल्या तबकड्या काढून बघाव्या लागल्या. पहिल्या तबकडीच्या एका बाजूच्या गोल कागदावर एकचा आकडा, मागे आठचा. दुसरीवर दोन आणि सात. मला वाटलं, छापणारा चुकला. बाई हसल्या. म्हणाल्या, आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी असंच छापतात. थप्पी लावायची, एक ते चार वाजलं की सगळी थप्पी उलटायची. दामूच्या दुसऱ्या बाडातल्या तबकड्यांचे कागद कसरीनं पहिल्याच पावसाळ्यात, तो पहिल्या बाडातच रमला होता तेव्हा, खाल्ले होते. आकडे उरले नव्हते. तो बिचारा एक तबकडी पुढून वाजवायचा आणि लगेच मागून. काठीवाल्याचं धाडस कसलं आणि काय... एक झालं की आठ, दोन झालं की सात.

त्याच महिन्यात दामूला मुंबईच्या एका संगीतप्रेमी मंडळाचं बोलावणं आलं होतं, ‘दोन काठीवाले’ हा निबंध वाचायला. सात वर्षांची मेहनत. त्यानं नवं धोतर घेतलं, शाळेतून रजा काढली. मुंबईला जायच्या आधी मी त्याला चारदा भेटलो. चारही वेळा बोललो नाही. मनात म्हटलं, कान नाही ना मला? मग ऐक आता. वर त्याच्यासोबत गेलोही, बघायला.

तिसऱ्या पानावर दुसऱ्या रांगेतून हसू फुटलं. एक म्हातारे गृहस्थ उठून समजावणीच्या सुरात म्हणाले, “मास्तर, तुमच्या तबकड्या वेगळ्या क्रमाच्या आहेत हो.” मग सगळी खोली हसली. दामू उभ्या उभ्या कागद चाचपत राहिला, जणू चुकीचं पान वर आलंय. मी हसलो नाही. पण मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. परतीच्या गाडीत कल्याण गेल्यावर त्यानं विचारलं, “बाप्या, तुला कसं वाटलं?” मी म्हटलं, “मला काय कळतंय. मला कान नाय.” तो खिडकीकडे तोंड करून बसला. कसाऱ्याला चहाच्या दुकानात ही गंमत मीच सांगितली. पंधरा दिवसांत ती शहापुरात पोचली आणि पोरं त्याला उलटा मास्तर म्हणू लागली. त्यानं यंत्र गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. त्यानंतर दोन वर्षं जगला, म्हणजे शाळेत जायचा आणि यायचा.

तेराव्याला गेलो तेव्हा वहिनींनी दोन्ही बाडं माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, “भाऊजी, ही तुमी न्या. ते म्हनायचे, मुंबईचे हसले ते हसले. बाप्याला ठावं असतं तर त्यानं मला गाडीत चढू दिलं नसतं.” मी बाडं तिथेच ठेवली. निघताना त्या म्हणाल्या, “तुमी पेपरात लिवता ना? त्येंच्यावर चांगलं लिवा. भाची वाचून दाखवते मला.”

चांगलं लिहायला तीनदा बसलो... जमलं नाही. भाचीनं इथवर वाचलं असेल तर पुढचंही मोठ्यानं वाचावं. वहिनी, मला ठाऊक होतं.