गोदाताईंचा घुमारा

गोदाताई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी टाळी वाजवायच्या. चप्पल काढायची, उंबरा ओलांडायचा आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत दोन्ही हात वर करून एकच खणखणीत टाळी. मग मान तिरकी करून ऐकत उभं राहायचं. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आई देवघरातून धावत बाहेर आली. तिला वाटलं, कुणी आरती सुरू केली. ताईंनी तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आई, हॉल चांगला हाय, पण पडदे लावा. आवाज भिंतीवर डोकं आपटून राह्यलाय." आईनं त्याच आठवड्यात पडदे लावले. मी किती दिवस सांगत होतो, तेव्हा ऐकलं नव्हतं.

स्वतःच्या लग्नाआधी मुलाचं घर बघायला गेल्या, तेव्हाही त्यांनी बैठकीत टाळी वाजवली होती म्हणे. होणारे सासरे बशीतल्या चहासकट दचकले. "फरशी लई गुळगुळीत हाय, घरातली भांडणं शेजारी ऐकू जातील," असा निकाल ताईंनी तिथल्या तिथं दिला, आणि वर त्याच घरात लग्न करून गेल्या. हा किस्सा त्या स्वतःच सांगायच्या, दर वेळी थोडा वाढवून.

ताई ध्वनिमुद्रणाचं काम करायच्या. संभाजीनगरच्या गारखेड्यात एका पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा स्टुडिओ होता. मी तिथं कीबोर्ड वाजवायचो, गाण्यांना साज चढवायचो. त्या मला 'मास्तर' म्हणायच्या. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. खाली गिरणी सुरू असली की तिच्या घरघरीत रेकॉर्डिंग होत नसे. गिरणी बंद असायची ती वीज गेली म्हणून, मग तेव्हाही रेकॉर्डिंग होत नसे. एवढ्यातून उरलेल्या वेळात आम्ही इतकी गाणी कशी काय केली, देव जाणे.

विनय नावाची चीज ताईंच्या आसपास फिरकली नव्हती. "माझे कान सोन्याचे हायत, मास्तर," हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. त्यांचे वडील गंगापूरकडचे, मेंढरं राखणारे. "माळावर आंधळ्यावानी डोळे मिटून बसायची मी, आन् नुसत्या घुंगरावरून सांगायची कोणतं मेंढरू कुठं गेलंय." पुढं शहरात येऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या आणि माळावरचे ते कान घेऊन यंत्रांत शिरल्या. कुणी फारच शहाणपणा केला की म्हणायच्या, "तुमचे कान भाड्याचे हायत का हो? परत करा आन् दुसरे आणा." मला हे कितीदा ऐकवलं, ते विचारू नका.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पैठणला इंदूमावशी म्हणून एक बाई होत्या. घरात पैठणीचे माग, आणि गळ्यात असं गाणं की बाई विणता विणता गायला लागल्या की गल्ली थांबायची. त्यांच्या भजनांचा एक संच ताईंकडे सुरू झाला. निम्मी गाणी झाली आणि मावशींच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन निघालं. गाणं बंद. बरीच वर्षं गेली. आवाज सावकाश परत आला, आणि उरलेली गाणी पुरी करायला मावशी एसटीनं एकदाच्या आमच्याकडे येऊन थडकल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. देवळाच्या गाभाऱ्यात 'ओम्' म्हटलं की तोंड मिटल्यावरही तो आवाज क्षणभर मागं रेंगाळतो, त्याला आमच्या धंद्यात रिव्हर्ब म्हणतात. ताई त्याला घुमारा म्हणायच्या. बंद खोलीत रेकॉर्ड केलेला आवाज कोरडाठाक असतो. त्याला हा घुमारा नंतर संगणकातून द्यावा लागतो. तो देणारं जे छोटं सॉफ्टवेअर असतं, ते म्हणजे प्लगिन. मावशींच्या पहिल्या गाण्यांना ताईंनी एक निळ्या चेहऱ्याचं प्लगिन लावलं होतं. त्याची बटणं फिरवून फिरवून त्यांनी असा काही घुमारा आणला होता, की मावशींनी ऐकताना डोळे मिटून घेतले होते.

मधल्या काळात ती निळ्या प्लगिनवाली परदेशी कंपनी बंद पडली. आमचा जुना संगणक बसला, नवा आला, आणि नव्यावर ते प्लगिन उघडेचना. परवान्याची खात्री करायला ते कंपनीकडे विचारणा करणार, आणि कंपनीच नाही! हे आम्हाला कळलं कधी, तर मावशी समोर बसलेल्या असताना. ताईंनी मोठ्या कौतुकानं जुनं गाणं लावलं आणि स्पीकरमधून मावशींचा आवाज अगदी उघडा बाहेर आला. श्वास, ओठांची उघडझाप, सगळं ऐकू येत होतं.

मावशींचा चेहरा पडला. "ही मी हाय?" त्यांनी विचारलं. "एवढी पातळ गात व्हते? आन् लोक तोंडावर वा वा करत व्हते व्हय."

"मावशी, मशीन बिघडलंय, तुमचा गळा नाय," ताई घाईघाईनं म्हणाल्या.

"म्हंजे मशीनच गात व्हतं म्हण की मग." एवढं बोलून मावशींनी पदर खोचला, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. ताई अनवाणी त्यांच्या मागं धावल्या. मावशी काही वळल्या नाहीत. आता गाणार नाही, असं जाताना सांगून गेल्या, आणि ते त्यांनी शांतपणे सांगितलं म्हणून आम्हा दोघांनाही ते खरं वाटलं.

ताई वर आल्या त्या लाल झालेल्या डोळ्यांनी. "मास्तर, ऑपरेशनातून वाचलेला गळा माझ्या स्टुडिओत मेला. हे मी खपवून घेणार नाय."

मी म्हणालो, "अहो, बाजारात ढीगभर रिव्हर्ब आहेत. दुसरा लावू. सगळे सारखेच." यावर जे काही ऐकून घ्यावं लागलं, ते मी इथं लिहीत नाही.

मग शोध सुरू झाला. जगभरचे लोक इंटरनेटवर भांडत होते की त्या निळ्याला पर्याय कोणता. ताईंनी त्यातला एकेक पर्याय चाचणीसाठी उतरवून घेतला आणि प्रत्येकाची जात काढली. "हा मंगल कार्यालय हाय, मास्तर. जेवणाच्या पंगती ऐकू येतात." "हा एसटी स्टँड." "ह्या मेल्यानं तर मावशीला न्हाणीत कोंडलं." एक फार नावाजलेला, महागडा रिव्हर्ब मला मनापासून आवडला होता. तो ऐकून म्हणाल्या, "नक्को रे बाबा. हा साहेब हाय. ह्याला मराठी येत नाय." घरच्यांचे फोन घेणं त्यांनी सोडून दिलं, जेवायची आठवण मी करून द्यायचो, आणि तरी त्यांचं समाधान होत नव्हतं.

शेवटी त्यांनी मावशींनाच फोन लावला. मावशी कुठल्याशा एसटीत होत्या. गाडीचा खडखडाट आणि रेंजची बोंब. ताईंनी ओरडून विचारलं, "मावशी, पहिल्या वेळी गाणं ऐकलं तेव्हा कसं वाटलं व्हतं? एवढंच सांगा." मावशी काहीतरी बोलल्या आणि फोन तुटला. ताईंचा चेहरा उजळला. "सापडलं! त्या म्हणल्या, बारशातल्यावानी वाटलं."

"बारशातल्यासारखं?" मी चक्रावलो.

"व्हय! लहान घर, खचाखच बाया, पाळणा, गोधड्या. मऊ घुमारा. अन् मी येडी मोठमोठे हॉल शोधत बसले!"

झालं. आता बारसं शोधायचं. सोन्याच्या कानांनी ऐकलेलं, शंका घ्यायची कुणाची टाप? गिरणीवाल्या पाटलांकडे नातवाचं बारसं होतं, तिथं ताई न बोलावता गेल्या आणि पाळण्याजवळ टाळी वाजवून आल्या. बाळानं जे रडं काढलं ते घुगऱ्या वाटून संपल्या तरी थांबलं नाही म्हणे. पण ताई खूश. त्या अंदाजानं त्यांनी एक प्लगिन जुळवलं, गाणं मोबाईलमध्ये भरलं, आणि आम्ही पैठण गाठलं.

मावशी मागावर बसल्या होत्या. कानात हेडफोन घालून घ्यायलाच तयार नव्हत्या. शेवटी 'पाहुणे आलेत' एवढ्या भिडेखातर घातला. थोडं ऐकलं आणि काढून ठेवला. "हे काय गं गोदे? लेकराच्या बारशात गायल्यावानी वाटतंय."

"मग! तुम्हीच म्हणल्या ना, बारशातल्यावानी!"

"बारशातल्या?" मावशींनी धोटा हातातून खाली ठेवला. "अगं, बारवेतल्या म्हणले मी! बारव! आमच्या माहेरची बारव! बारशात कुणाला ऐकू येतं का काही!"

मला वाटलं, आता ताई जमिनीत गडप होतात. झालं उलटंच. त्या अशा हसायला लागल्या की मागाच्या खांबाला धरून खाली बसल्या. "सोन्याचे कान, मास्तर! घ्या, मोडीत घाला!" मावशीही हसल्या. जिना उतरून गेल्यापासून त्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. ही चूक पुढं ताईंनी सगळ्या संभाजीनगरात स्वतः सांगत हिंडून पसरवली. मला सांगायची संधीच मिळाली नाही.

मावशींचं माहेर गंगापूरच्या वाटेवरचं. त्या लहानपणी पाणी भरायला बारवेत, म्हणजे गावच्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत, उतरायच्या आणि खालच्या कमानीत उभं राहून गायच्या. तिथंच त्यांना पहिल्यांदा कळलं होतं की आपल्याला गाता येतं. ताईंनी एवढं ऐकलं आणि उठल्याच. आम्ही दोघं बारवेकडे निघालो, आणि वाटेत ताईंनी एका दुकानातून फुग्यांचं पाकीट घेतलं. फुगा फोडला की जो एकच कोरडा आवाज होतो, तो त्या जागेत कसा घुमतो ते रेकॉर्ड करायचं. मग संगणकाला ते दाखवलं की तीच जागा तो कुठल्याही आवाजाला लावून देतो. हे मला ठाऊक होतं, पण पुस्तकात.

बारव सुस्थितीत होती. वर बाभळी माजलेल्या, पण पायऱ्या शाबूत आणि खाली कमानीपर्यंत कोरडं. ताई कमानीत उतरल्या, टाळी वाजवली आणि तशाच उभ्या राहिल्या. टाळी एकदा समोरून आली, मग वरून आली, आणि मग विरत विरत कुठं संपली ते कळलंच नाही. "मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "ही कंपनी बंद पडायची नाय."

पहिला फुगा फोडला तर कमानीतले सगळे पारवे फडफडत उठले आणि रेकॉर्डिंगचा चुथडा झाला. ते स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. दुसरा फोडला, तर वरून आवाज आला, "ओ ताई, वाढदिवस कोणाचा हाय?" काठावर निम्मं गाव जमलं होतं. फुग्यांवर 'हॅपी बर्थडे' छापलेलं, लोकांचा तरी काय दोष?

"बारवेचा!" ताईंनी खालून ओरडून सांगितलं. "अन् गप ऱ्हावा, केक कापायचाय!"

गाव खरोखर चिडीचूप झालं. तिसरा फुगा फुटला आणि त्याचा घुमारा शेवटच्या धाग्यापर्यंत आमच्या यंत्रात उतरला. वर आलो तर एका आजोबांनी बारवेच्या वाढदिवसानिमित्त सगळ्यांना चहा पाजला.

स्टुडिओत परत आल्यावर संगणकानं विचारलं, या फाईलला नाव काय द्यायचं? "घ्या, आता खरंच बारसं करायची पाळी आली," ताई म्हणाल्या आणि नाव ठेवलं, 'इंदूबारव'. पुढं त्यांनी तो घुमारा इंटरनेटवर कुणालाही फुकट घेता येईल असा ठेवून दिला, आणि निळ्या प्लगिनसाठी गळा काढणारे परदेशी लोक आमच्या गंगापूरकडच्या बारवेत आपापली गाणी भिजवू लागले. आता ताई नागपूरला मुलीकडे असतात, आणि फोनवर मला हे अजून मोजून दाखवतात. पण ते सगळं नंतरचं. आधी तो घुमारा इंदूमावशींना पटायला हवा होता.

त्या आल्या, पण खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. ताईंनी गाणं लावलं. मावशींचा आवाज आला आणि त्याच्यामागून बारव आली. पायऱ्या, कमान, सगळं. मावशींनी डोळे मिटले. पिशवी मांडीवरून खाली घसरली, ती कुणीच उचलली नाही. गाणं संपल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि मला वाटलं, जिंकलो!

"आता ती लाव," मावशी म्हणाल्या.

"कोणती?"

"त्या दिवशीची. उघडी."

ताईंचा हात थांबला. त्यांना घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "कामून मावशी? हे चांगलं जमलंय. ती कशाला आता?"

"लाव म्हणते ना."

ताईंनी घुमारा बंद केला आणि गाणं पुन्हा लावलं. तोच कोरडा आवाज, तेच श्वास, तीच ओठांची उघडझाप. मावशी या वेळी डोळे उघडे ठेवून, स्पीकरकडे बघत ऐकत होत्या. मध्यावर एक अवघड तान होती. ती आली आणि त्यांनी मान डोलावली, दुसऱ्या कुणाला दाद द्यावी तशी. गाणं पुरं झालं.

"चांगली गाते की गं ही बाई," मावशी म्हणाल्या, आणि उठून माइकसमोर जाऊन उभ्या राहिल्या.